दह्यातील जनगणना

॥ श्रीवीतराग प्रसन्न ॥

मु. निपाणी, मे १९३६

सूक्ष्मजंतुशास्त्रधुरंधर श्यालकवर्य वर्धमानराव यांस कलगोंडा मास्तराचा सविनय जय जिनेंद्र. तुमची प्रकृती उत्तम असावी. माझ्या प्रकृतीविषयी न विचारलेले बरे. गेला पंधरवडा ती दह्यावाचून आहे.

या अनर्थाचे मूळ म्हणजे तुम्ही पुण्याहून पाठवलेला ग्रंथ. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, ही त्या जंतूंची विभाजनपद्धती वाचून मला (भूमितिश्रेढी शिकवण्यात हयात घालवलेल्या मनुष्यास) जो आनंद झाला, तो एकट्याने भोगणे अप्रशस्त वाटले. तुमच्या भगिनी लक्ष्मीबाई तेव्हा दुधाला विरजण लावत होत्या. (दह्यात जीव उपजू नयेत म्हणून ते शास्त्रोक्त मर्यादेच्या आत संपवण्याचा आपला जैनांचा नेम इतक्या काटेकोरपणे पाळणारी दुसरी गृहिणी चिकोडीपर्यंत आढळणार नाही.) मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने गणित मांडले आणि सिद्ध केले की, सूर्योदयापर्यंत त्या एका वाडग्यातील प्रजा अखिल मुंबई इलाख्यास मागे टाकते. शेजारच्या गुणाबाई पाहावयास आल्या होत्या, म्हणून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

लक्ष्मीबाई शांतपणे म्हणाल्या, "एवढं जीव? मग आजपास्नं आपल्यात दही न्हाय." गुणाबाईंनी घरी जाऊन तेच केले. त्यांचे यजमान तेव्हापासून मला पाहून रस्ता बदलतात.

उपाय म्हणून नवे समीकरण रचले. अन्न सरते, आंबटपणा वाढतो, सबब प्रजावृद्धी कुंठित होऊन वक्ररेषा आडवी पडते. हे मी लक्ष्मीबाईंस विजयी मुद्रेने निवेदन केले.

"वाढत न्हाईत, म्हंजे मरत्यात व्हय?"

असत्य भाषण मला वर्ज्य. "जितके जन्मतात तितकेच मरतात," असे म्हणालो, आणि दह्याचे वाडगेही माळ्यावर गेले.

आपला दधिवियुक्त,
कलगोंडा

ता. क. : मुख्य विनंती अशी की, लक्ष्मीबाईंचा विश्वास केवळ त्यांच्या अण्णांवर, म्हणजे तुमच्यावर आहे. तरी "मास्तरांना गणित येत नाही" असे त्यांना स्वहस्ते कळवावे. हे धादांत असत्य आहे. पण ते तुम्ही बोलणार असल्याने माझा नेम मोडत नाही.

दुसरा ता. क. : हे पत्र लक्ष्मीबाईंनी आत्ताच वाचले. म्हणाल्या, "दही बंद केलंतं ते जीवांपायी न्हवं. सैपाकघरातलं तुमचं गणित बंद व्हावं म्हणून." भिंत पुसण्याच्या अटीवर विरजण लागले आहे. सबब वर तुमच्याकडे मागितलेले पत्र कृपया पाठवू नये.

अण्णा, पत्र जरूर धाडा. अक्षर ठळक काढा. गुणाबाईला दावायचं हाय. — लक्ष्मी