सहा फुटांची पट्टी

हॅल्सी फॉल्स, कनेटिकट
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय नोरीन,

तू बरी असशील. इथे थंडी लवकर आली. तुझ्या घराच्या पन्हळी साफ करून घेतल्या. मेपलची फांदी पडली होती, ती कापली. भाडेकरू नीटनेटके आहेत.

सोबत एक कागद आहे. राज्याच्या रोख्यांच्या निधीतून मिल रस्त्याचा पदपथ मंजूर झाला. बाकी सगळ्यांनी आपापल्या अंगणाची कड लिहून दिली. तुझ्या घरापुढची सहा फुटांची पट्टी तेवढी राहिली आहे. तीस तारखेपर्यंत तुझी सही राजधानीत, हार्टफर्डला पोचली नाही, तर निधी दुसऱ्या गावाला जाईल.

मंगळवारी गावसभा आहे. टपाल कचेरीत म्हातारा झिग्मंट म्हणाला, "काय रे लाइल, पाय चालत होते तेव्हा पदपथ दिला नाहीस. आता मला पोरं गाडीतून उतरवून घेतात!" लोक हसले. मीही हसलो.

डोलोरेस अजून नगर कचेरीत कारकून आहे. काल तिने जुनी फाइल माझ्यापुढे ठेवली.

"पदपथ आधी का झाला नाही, हे सभेत कुणीतरी विचारणारच. काय सांगू?"

"नेहमीचंच. हार्टफर्डने कापला."

"पहिलं पान तुमच्या हातचं आहे. अकरा वर्षं मी गप्प बसले. नोरीनची सही याच उत्तरावर घेणार असाल, तर पाकिटावर पत्ता तुम्हीच लिहा."

पत्त्याचं अक्षर तू ओळखलं असशील.

हार्टफर्डने काही कापलं नव्हतं. पदपथ त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. नगरप्रमुख म्हणून मला त्या वर्षी राज्याकडे एकच काम मागता येणार होतं. यादीत पदपथ पहिला होता. मी त्यावर रेघ मारली आणि चौकातल्या वाद्यमंडपाचं छप्पर लिहिलं. निवडणूक होती. मंडप सगळ्यांना दिसतो. मिल रस्त्याने रोज ग्रंथालयात कामाला पायी जाणारी तू एकटी होतीस.

फेब्रुवारीत बर्फ हटवणाऱ्या गाडीने तुला उडवलं. कडेला सरकायला जागा नव्हती.

इस्पितळात तू विचारलंस, "पदपथाचं काय झालं रे?" मी तेच सांगितलं. तू म्हणालीस, "मग तुझा काय दोष?" ओहायोला गेल्यावरही तू दर नाताळला फोनवर हार्टफर्डच्या नावाने बोटं मोडतेस. मी ऐकून घेतो. मग तुझ्या पायाची चौकशी करतो.

कागद मुद्दाम पत्राच्या खाली लावला आहे. सही नोटरीसमोर करावी लागेल. माझ्यासाठी करू नकोस. झिग्मंटची नात आता ग्रंथालयात तुझ्या जागेवर आहे. तीही पायीच जाते.

सही केली नाहीस, तर सभेत कारण मी सांगेन. केलीस तरी सांगेन.

यंदा नाताळला तुझा फोन आला नाही, तर मी समजेन.

ज्याचा दोष नाही असं तू म्हणाली होतीस, तो
तुझा भाऊ
लाइल