पाला पाठवू नका

मयूर विहार, दिल्ली
९ जानेवारी २०२५

आदरणीय गंगुताई,
सप्रेम जयभीम.

पार्सल मिळालं. शेवग्याच्या पाल्याची पूड अगदी वस्त्रगाळ आहे. या वयात झाडाखाली उभं राहून पाला काढलात, म्हणून मी रागावलेच आहे तुमच्यावर. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

इकडे धुरानं ऊन दिसत नाही. तुमच्या भाचीला, श्रावस्तीला, ऑफिसात बढती मिळाली. तुमच्या भावाची पाठ अजून दुखते.

पूड मात्र त्यांना देत नाही. आता पाठवूही नका. त्यांच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. शेजारीण म्हणाली, "बढ़ गया? ये तो अच्छा है, भाभीजी. हमारा तो कम ही रहता है." मी नुसती हसले. तिला काय सांगत बसू?

ताई, वाढणं चांगलं नसतं. हात हलतो, काळीज धडधडतं ते याच्याच जोरावर, म्हणून रक्तात ते मापातच लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं. बाकीचं शरीर हाडांत सांभाळून ठेवतं. यांचं हाडांतून सुटून रक्तात उतरतंय. सारखी तहान लागते, जेवण जात नाही, बोलता बोलता भलतंच बोलतात. आणि आपण वर्षभर म्हातारपणाची पाठदुखी समजून कॅल्शियमसाठी गोळ्या, दूध, पूड देत राहिलो. तुमच्या पुडीनं काही बिघडलेलं नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. ते मनात आणू नका.

मग हाडांतून का सुटतंय, हे तुम्ही विचारणारच. ते लिहायला नको म्हणून तर इकडचं तिकडचं लिहीत बसले.

कॅन्सर आहे. हाडांच्या आत, मज्जेत. सलाईन लावलं की थोडे दिवस नीट बोलतात, मग पुन्हा तेच. डॉक्टर आता पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत.

पुडीचा डबा लपवला तर लहान मुलासारखे रडले. काल मी वाळलेल्या पुदिन्याची पूड कोमट पाण्यातून दिली. एक घोट घेऊन माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाई, हा आपल्या झाडाचा नाही गं."

बाई ते तुम्हालाच म्हणतात. मला ओळखलं नाही, पाला बरोबर ओळखला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला राग आला, खोटं कशाला बोलू? मोरीत जाऊन रडले. मग बाहेर येऊन म्हटलं, "उद्या आणते रे, सुखदेव." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली. ते शांत झोपले.

तुमचा भाचा सिद्धांत तुम्हाला घ्यायला येतोय. रिकाम्या हातानं तुम्ही कधी कुणाच्या दारी गेला नाहीत, ठाऊक आहे मला. या वेळी तशाच या. अजून ते तुम्हाला ओळखतील.

तुमची भावजय,
तुम्ही येईपर्यंत तुमच्या नावाला ओ देणारी,
कौशल्या