कवळीच्या रंगाची जीप

१० ऑक्टोबर २००८, शुक्रवार
लॅबमधल्या सायमनच्या गाडीतून दोह्याबाहेर, झिक्रीतला. तिथल्या दगडांवर दर शुक्रवारी गोरे आणि फिलिपिनो मंडळी रिमोटच्या जीपा घेऊन येतात. पळवत नाहीत, चढवतात. क्रॉलर म्हणतात त्याला. घोरपडीसारखी एकेक चाक टाकत जाते. दोन तास उन्हात उभे राहून बघितलं, पाणी प्यायचं भान नाही.
सगळ्या गाड्या विकतच्या, पेटीतून काढलेल्या. एका गोऱ्याला म्हटलं, हा अॅक्सल मी हातानं करून दाखवीन. हसला. हसू दे बापडा. वीस वर्षं लोकांच्या तोंडात बसणारे दात ओततोय मी. केसभर फट राहिली तरी पेशंट बोंबलत परत येतो. अॅक्सल काय चीज आहे!
परतीच्या वाटेवर सायमनशी ठरलं. मोटर, गिअर, रेडिओ, बॅटरी, टायर विकत. बाकी सगळं आमच्या लॅबमध्ये, आमच्या हातानं. खालचं सगळं माझं, वरची बॉडी त्याची. ५ डिसेंबरला त्या मंडळींची मोठी चढाई आहे. तोवर उभी करायची.

१३ ऑक्टो., सोम.
दुपारी १२ ते ४ क्लिनिक बंद असतं, तेव्हा लॅब आमच्याच बापाची. मेणात अॅक्सल कोरला. लांबीला मोठा, ओतायच्या रिंगेत मावेना. दोन तुकड्यांत ओतणार, मधोमध सोल्डर. कवळीचा सांगाडा तुटला की जोडतो तसंच.
धातू म्हणजे ओतून उरलेले क्रोम-कोबाल्टचे गड्डे. डॉक्टरांना विचारूनच घेतले. "टेक, टेक, मिस्टर माने. मेक मी अ टँक!" लेबनॉनचा माणूस, क्लिनिकचा मालक, पण दिलदार.

१७ ऑक्टो., शुक्र.
इंडस्ट्रियल एरियात. एका गोदामाबाहेर खोक्यांना बांधतात ती लोखंडी पट्टी पडलेली, वीसेक हात. पाट्याच्या स्प्रिंगला याहून झकास काही नाही. पठाण वॉचमन म्हणाला, "ये कचरा क्या करेगा?" म्हटलं, गाडी बनाएगा. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला.
मंगलला फोन. तिला सगळं सांगितलं. "आवं, पोरीच्या लग्नाचं वय झालं आन् तुमी जीपगाडी खेळतासा व्हय?" हसत होती मात्र.

२२ ऑक्टो., बुध.
सायमनची बॉडी तयार. जुन्या पिकअपची, दहाला एक या मापात, दारं, जाळी, मागचा हौदा, सगळं जिथल्या तिथं. रंग हिरडीचा! आमच्याकडचं अॅक्रिलिक कवळीचं, ते गुलाबीच असायचं. दोघं पोट धरून हसलो. तो म्हणाला रंग मारू. मी म्हटलं खबरदार. कतारात एकतरी जीप अशी असू दे.
दाराची बारीक रेघ मात्र मला मारायला लावली. "माने, तू मार. हल्ली जवळचं जरा धुरकट दिसतंय. नंबर वाढलाय. डॉक्टरला बोलू नको हां."
मी कशाला बोलतोय!
वसईचा माणूस. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. नाताळात पहिला केक माझा, दिवाळीत पहिली चकली त्याची.

२८ ऑक्टो., मंगळ. दिवाळी
आज चकलीचा डबा उघडायच्या आधीच डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये घेतलं. जानेवारीत मशीन येणार. दाताचा फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर आखायचा, मशीन ठोकळ्यातून दात कोरून देणार. त्याला माणूस लागणार एक. दोन नाहीत. "आफ्टर न्यू इयर, ओन्ली वन चेअर. आय अॅम सॉरी." बकरी ईदच्या आधी सांगतो म्हणाले.
सायमननं मला खोलीवर सोडलं, मदिनत खलीफाला. वाटेत पाट्याच्या स्प्रिंगबद्दल बोलला. मीपण स्प्रिंगबद्दलच बोललो.

३ नोव्हें., सोम.
डॉक्टरांनी एकट्याला बोलावलं. "मिस्टर माने, यू आर सीनियर. यू ऑर सायमन? टेल मी फ्रँकली."
सांगितलं. म्हटलं, मी. वर्षभरात माझा एकही दात परत आलेला नाही. मशीन आलं तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो आणि तो हात माझा आहे. सायमनच्या डोळ्यांचंही सांगितलं, की त्याला जवळचं नीट दिसत नाही. विचारलं म्हणून सांगितलं. खोटं एक अक्षर नाही त्यात.
दुपारी अॅक्सल वाळूच्या झोतात साफ केला. सोल्डर कुठं केलंय ते मलाही शोधावं लागलं. हात अजून शाबूत आहे राव.

७ नोव्हें., शुक्र.
माझी फजिती. लॅब उघडून पहिल्यांदा चाकं चढवली, गाडी ढकलली, तर चारही चाकं नंदीबैलासारखी माना हलवायला लागली. अर्धा तास कारण कळेना. सायमननं चाकाचा मधला तुकडा काढला, आत बोट फिरवलं आणि खो खो हसत सुटला.
आम्ही दात ओतायच्या आधी साच्यावर स्पेसर नावाचा रंग लावतो, दोन हात. दात बसवताना सिमेंट भरतात, त्याला जागा राहावी म्हणून. चाकांचे मधले तुकडे ओतताना मी अॅक्सलच्या टोकावरही तोच रंग लावला होता! नकळत. हात गेला आणि ब्रश फिरला.
"माने, चाकं सिमेंटनं बसवणार का रे? मग गाडीला सांग, आ कर म्हणून."
चार दिवसांपूर्वी कोणापुढं हाताची बढाई मारून आलो, ते आठवलं. हसलो, पण मागाहून.

९ नोव्हें., रवि.
सकाळी टेबलावर चाकांचे चार नवे मधले तुकडे. ओतलेले, घासलेले, चकचकीत. सायमननं काल दुपारी जेवण सोडून केले. रेघसुद्धा दुसऱ्याला मारायला लावणारा माणूस, यांचं माप भिंगातून किती वेळ बघत बसला असेल! चाकं अशी घट्ट बसली की हातोडी घेऊन काढावी लागतील.
"तू एवढं कशाला केलंस?"
"अरे, केलं. त्यात काय?" आणि मान खाली घालून कामाला लागला.
फार गोड वागतोय आठवडाभर. रोज माझा चहा तोच आणतो. मला ते बरं वाटायला हवं. नाही वाटत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. लगेच हेही लिहितो: मी चोर नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

१८ नोव्हें., मंगळ.
गाडी उभी! टायरमध्ये आंघोळीच्या स्पंजचे तुकडे, पुढच्या चाकांत टायरवाल्याकडचं शिसं. वजन खाली राहिलं तर गाडी उलटत नाही. लॅबमागच्या फुटक्या फरशांचा ढीग पहिल्या फेरीत चढली. एक चाक हवेत, तीन जमिनीवर, बॉडी सरळ. पट्टीच्या स्प्रिंगा अशा वाकतात की बघत राहावं. झिक्रीतचा गोरा आता हसून दाखवू दे.
रिमोट सायमनच्या हातात दिला. त्याला लांबचं चांगलं दिसतं.

२५ नोव्हें., मंगळ.
डॉक्टरांनी सायमनकडची पुढच्या दातांची कामं काढून मला दिली. रंग जुळवायचं, बारीक रेषांचं काम सगळं माझ्याकडे. कारण सांगितलं नाही. सायमन मलाच विचारतो, "माझं काही चुकलं का रे? तुला काही बोलले?"
म्हटलं, नाही.
एवढा एकच शब्द खोटा बोललोय. पण बोललोय.

२८ नोव्हें., शुक्र.
मंगलला फोन. खुर्ची बहुतेक आपलीच, असं सांगितलं. खूश होईल वाटलं होतं.
"आन् सायमनभावजींचं?"
त्याचं बघेल तो, बायको नर्स आहे त्याची, पगार चालू आहे. मग डोळ्यांचंही सांगून टाकलं. लपवण्यासारखं काय होतं?
सगळं ऐकून घेतलं तिनं. कार्ड संपत होतं. मग म्हणाली, "तुमचं नाव सांगितलासा, ते बरं केलंसा. पर डोळ्याचं कशाला सांगितलासा? ते त्येंनी तुमास्नी सांगितल्यालं. डाक्टरला न्हवं."
मी म्हटलं, तुला इथलं काही कळत नाही. ठेवला फोन.
कळतं तिला.

५ डिसें., शुक्र.
चढली!!
सात गाड्या. दगडाला ते लोक जिना म्हणतात, पाच पायऱ्या, शेवटची वीतभर उंच, वरची कड पुढं आलेली. हात लावला की बाद. पहिल्या चार गाड्या तिथंच गडगडल्या. आमची गुलाबी पेटीतून काढली तेव्हा हशा झाला. "इज इट अ डेंचर?" म्हटलं, येस सर.
चार पायऱ्या सायमननं चढवली, अलगद. शेवटच्या पायरीला पुढची चाकं वर, मागचं एक अधांतरी, गाडी आडवी व्हायच्या बेतात. सायमननं रिमोट माझ्या हातात कोंबला. "तू घे. मेणाला हात लावतोस तसा लाव."
बोटभर मागं घेतली. चाकं डावीकडं. थांबलो. स्प्रिंग दबू दिली. मग नुसता श्वास टाकावा इतकी मोटर दिली. पुढचं शिसं बसलं, मागच्या चाकानं कड धरली आणि गाडी वर जाऊन उभी राहिली. गोरे ओरडत होते, "पिंक वन! पिंक वन!" तो हसणारा गोरा गुडघ्यावर बसून माझा अॅक्सल बघत होता. जोड शोधत होता. सापडला नाही त्याला.
इतका आनंद मला या देशात कधी झाला नव्हता. हे लिहून ठेवतो, कारण पुढचंही लिहायचंय.

परतताना दुखान रोडच्या पंपावर चहाला थांबलो. सायमननं गाडी बंद केली पण उतरेना.
"माने, एक बोलायचंय. महिनाभर पोटात ठेवलंय. डॉक्टरने मला पण एकट्याला बोलावलेलं. कोणाला ठेवू विचारलं. मी माझं नाव सांगितलं रे. पोरीच्या कॉलेजची दोन वर्षं राहिलीत... मला दुसरं काही सुचलं नाही. पण तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही बोललो, आईशप्पथ. उलट म्हटलं, मेणात मानेसारखा हात दोह्यात दुसरा नाही. तरी तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ते तुकडे पण म्हणूनच ओतून दिले."
डोळे पुसत होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा माणूस.
तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि काय म्हणालो? त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे सायमन. तुझ्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं."
असतो तरी!
माफ केलं मी त्याला. त्यानं माझा हात धरून ठेवला. चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत मला.

६ डिसें., शनि. लॅब, दुपार
सकाळी डॉक्टर म्हणाले, चारला दोघं केबिनमध्ये या. ईदच्या आधी संपवून टाकू.
येताना गाडीत सांगायचं ठरवलं होतं. मदिनत खलीफा ते क्लिनिक, सात राउंडअबाउट. प्रत्येकाला म्हटलं, पुढच्याला. सायमन मोकळा झालाय, त्याची बडबड थांबत नाही. पुढची जीप लांब करू, मागं पाण्याची टाकी लावू, दोघांपैकी जो राहील त्यानं गाडी सांभाळायची, जो जाईल त्यानं रिमोट न्यायचा, म्हणजे दुसऱ्याशिवाय कोणाला चालवता येणार नाही. हसत सांगत होता हे.
हात माझा बरा आहे. त्याबद्दल आजही शंका नाही. खुर्ची हातावर मिळाली असती तर ताठ मानेनं बसलो असतो. आता मिळाली तर कशावर मिळाली, ते मला माहीत राहील.
नाही सांगितलं तर चारला डॉक्टर स्वतःच म्हणतील, "युवर आईज, सायमन." त्याच्या डोळ्यांचं इथं एकाच माणसाला माहीत होतं. तो वळून बघेल माझ्याकडे. काही बोलणारही नाही, ओळखतो मी त्याला.
सांगितलं तर? आत जाऊन डॉक्टरांना म्हणेल, मानेनंच चुगली केली. किंवा काही म्हणणार नाही आणि पुन्हा झिक्रीतला नेणार नाही. काहीही करू दे. त्याचा हक्क आहे.
तीन पंचवीस. समोर टेबलावर गुलाबी बॉडी उघडून बसलाय, कालची वाळू ब्रशनं झाडतोय. शेजारचं स्टूल माझ्यासाठी ओढून ठेवलंय त्यानं.
वही मिटतो. जातो त्याच्याकडे.