उजव्या हाताची नुकसानभरपाई

आदरणीय सांडू दाजींस,

उस्मानपुऱ्याहून तुमचा मेहुणा कडुबा याचा जय भीम. तुमची कंबर, आवडाअक्काचा खोकला आणि म्हैस, तिघंही ठीक असावेत. (अक्षर बघा, उजव्या हाताचं आहे. कारण पुढं येईल.)

पंधरा फेब्रुवारीला मी फ्लूची लस घेतली तेव्हा तुम्ही सोबत होतातच. तेव्हापासून खांदा धरला. हात अठ्ठावन्न अंशांवर अडायचा. अंदाजे नाय, लेक सुरेखाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं रोज सकाळी मोजला. सुई योग्य जागेच्या पावणेचार सेंटिमीटर वर टोचली, अशी नोटीस मी दवाखान्याला धाडली. वकील केला नाय. (कायदा वाचायला डोळे लागतात, काळा कोट नाय.) ग्राहक आयोगात भरपाई मागायला एक्केचाळीस पानी तक्रार स्वतः लिहिली, ‘हात कायमचा निकामी’ हे लाल शाईनं अधोरेखित केलं. डॉक्टर असे घाबरले, की सुई टोचणाऱ्या प्रेरणाला, म्हणजे आपल्याच गल्लीतल्या सिस्टरला, कामावरून काढायच्या गोष्टी करू लागले. तवापासून माझ्या बायकोनं, गीताबाईनं, माझ्याशी अबोला धरला. नुसतं ताट आपटायची.

तक्रार दाखल करायच्या आदल्या दिवशी आली जयंती. मी हात झोळीत अडकवून मिरवणुकीच्या कडेकडेनं चाललेलो. ढोल घुमले, पुढून घोषणा आली, आणि दाजी, "जय भीम" म्हणताना माझा उजवा हात सरळ आभाळात! दोन महिन्यांत पहिल्यांदा. कळ नाय, चमक नाय. मी नाचलोच. (झोळी पुढच्या गृहस्थाच्या डोक्यावर जाऊन बसली.) हात तसाच वर, अन् समोर निळ्या साडीत प्रेरणा.

"काका, किती अंश?"

"एकशे सत्तर तरी असंल." मोजमापात मी खोटं बोलत नाय.

"मग खाली घेऊ नका, फोटो काढते."

गीताबाई लई दिवसांनी हसली. माझ्यावर हसली, पण हसली.

तुमचा,
कडुबा

ता. क. : नोटीस मागं घेतली, तक्रार दाखल केलीच नाय. तसं डॉक्टरांना लेखी दिलं, दोन प्रतींत. प्रेरणा कामावर आहे.

आणखी ता. क. : पावणेचार सेंटिमीटर मला इतकं नेमकं कसं ठाऊक, हे तुम्ही विचारलं नाय, हा तुमचा मोठेपणा. दंडावर बॉलपेनानं खूण मीच घरून करून नेली होती. "काका, खाली टोचते," असं ती तीनदा म्हणाली. मी "पुस्तकात वाचलंय" म्हणून अडून बसलो. शेवटी वैतागून तिनं खुणेवर टोचली. तुमच्या नावानं लिहून तुमच्याकडं सहीला धाडलेल्या साक्षीत एवढं कलम राहून गेलंय. ती साक्ष चुलीत घाला.

शेवटचं ता. क. : पुढल्या वर्षीही लस प्रेरणाकडूनच घेणार. तुम्ही नक्की सोबत या, अन् घरून निघायच्या आधीच माझं पेन काढून घ्या.