आधी तेल, मग क्षार

"आईला कामाला जुंपलंस, लाज नाही वाटत?" असं तू शनिवारी फोनवर सुवर्णाला म्हणालास. ती जेवत होती म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि मी समोरच भाकरी थापत होते. तिने ते घासाबरोबर गिळलं. मला मात्र अजून ते गिळता आलेलं नाही. अरे, जुंपायला मी काय बैल आहे? तिच्या कामाच्या ट्रकमध्ये मी माझ्या पायांनी चढले. विचारायचं तर मला विचारायचं होतंस.

चँडलर, मंगळवार, १७ जुलै २००७

चि. विवेकला आशीर्वाद. रीमालाही. माझी तब्येत बरी आहे, गुडघे होते तसेच आहेत. शिवांगीला सांग, आजीची आणखी एक दाढ पडली, तिचे दात किती पडले ते कळव.

अक्षर बघून दचकला असशील. कोणाकडून लिहून घेतलं म्हणून शोधत बसू नकोस. मी लिहिलंय, रविवारपासून लिहितेय. त्याचं पुढे सांगते.

एप्रिलात तू मला विमानात बसवलंस ते पंधरा दिवसांसाठी. जाताना हळूच म्हणालास, "आई, सुवर्णाला समजाव. लोकांच्या टाक्या धुणं सोड म्हणावं. सांता क्लाराला आमच्याकडे ये म्हणावं, एखादा कोर्स कर." तुमच्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर तू सांगतोस की बहीण वॉटर ट्रीटमेंटमध्ये आहे. मला वाटलं, असेल काहीतरी मोठं.

चार दिवस समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि बूट घालून निघून जायची. पाचव्या दिवशी म्हटलं, बघू तरी काय करते ही, आणि टोपी घालून ट्रकमध्ये तिच्या शेजारी बसले.

इथे नदीत पाणी नाही, आभाळात ढग नाही आणि घरोघरी मागे पोहायचे हौद भरलेले, त्यांना इथे पूल म्हणतात. जतला टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या बाईला हे बघून आधी संतापच येतो. मग कळतं की वाळवंटात पाणी नितळ ठेवणं म्हणजे रोजचं भांडण आहे. ऊन पाणी पितं, धूळ येऊन पडते, आणि उरलेलं पाणी असं क्षाराचं की आपल्या बंबाला आतून पांढरं किट्ट धरायचं ना, तसं सगळ्यावर धरतं. ते सगळं अडवायला फिल्टर. माझ्या कमरेएवढं पिंप, आत चार नळकांडी, आणि नळकांड्यांवर कापड, लुगड्याच्या निऱ्यांसारखं चुण्याचुण्यांचं. पिंप उघडण्याआधी वरची कळ फिरवून कोंडलेली हवा सोडायची, नाहीतर झाकण तोंडावर येतं. मग एकेक निरी उघडून नळीने धुवायची. पाणी तिरकं धरायचं, वरून खाली. समोरून मारलं तर घाण आणखी आत जाते.

आता निऱ्या कुठे मळतात हे मला कोणी शिकवायचं? सुवर्णाचं एक नळकांडं होईपर्यंत माझी दोन होतात. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले ते असे. मला कोणी कोंडून ठेवलेलं नाही.

आता पद्मिनीचं, रीमाच्या त्या मैत्रिणीचं, जिचा पूल सुवर्णा सांभाळते. तिने फोन करून रीमाचे कान भरले आणि रीमाने तुझे, हे मला ठाऊक आहे. पण तिने सांगितलं ते अर्धं.

गेल्या बुधवारी धुळीचं वादळ आलं. गुरुवारी पद्मिनीच्या पूलमध्ये पाणी कसलं, चहाच होता. सुवर्णा फिल्टर बसवून, पंप चालू करून रबराची एक रिंग आणायला दुकानात गेली. मी एकटीच. माझ्या पिशवीत तुरटी होती. दाढेच्या गुळण्यांसाठी एक पुडी घ्यायला गेले होते, इंडियन दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या उचलल्या. म्हटलं, या चहाला तुरटीच पाहिजे. टाकल्या सगळ्या. पद्मिनी दारातून ओरडली, "काकू, काय टाकताय?" मी म्हटलं, "तू रांगत होतीस तेव्हापासून पाणी निवळतेय मी. आत जा, ऊन लागेल."

जतचा हौद रात्रभर हलत नाही. इथे पंप चालू होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुरटीने धरलेला सगळा चिकट गाळ पंपाने ओढला आणि निऱ्यांत नेऊन भरला. शुक्रवारी दाबाचा काटा पार लाल रेघेपलीकडे. झाकण काढलं तर कापड दह्याने लिंपल्यासारखं. पद्मिनी कमरेवर हात ठेवून उभी. सुवर्णा म्हणाली, "मीच सांगितलं होतं आईला टाकायला. माझी चूक." तोंडावरची रेघ हलू न देता म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तू तिला फोनवर म्हणालास, "एक काम धड जमत नाही आणि वर आईला राबवतेस." आता कळलं कोणाला काय जमत नव्हतं?

चारही नळकांडी घरी आणली. मला घाई, म्हटलं, घाल ॲसिडात, सुटेल सगळं. सुवर्णाने हात धरला. "नाही आई. आधी तेल, मग क्षार." लोक अंगाला क्रीम चोपडून पाण्यात उतरतात, ते तेल कापडात बसतं. त्याच्यावर आधी ॲसिड पडलं तर तेल कायमचं धरतं, मग काही केलं तरी कापड साफ होत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्यात तेल सोडवायचं. क्षाराचं नंतर. क्रम चुकला की नळकांडं फेकायचं.

तुझा फोन आला तेव्हा नळकांडी बाहेर साबणात भिजत होती. तू बोलत होतास, ती खाली मान घालून जेवत होती, आणि मला वाटलं, हिच्या वतीने याला चार शब्द सुनवावेत. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आधीचं काहीतरी राहिलं होतं.

नव्याण्णव सालच्या मार्चमध्ये तिचं इथून पत्र आलं होतं, आठवतं? तू तेव्हा पुण्याला नोकरीला. शनिवारी जतला आलास, चहा पिता पिता मला वाचून दाखवलंस. सगळं ठीक आहे, ऊन फार आहे, कुमारचं काम वाढलंय. मग घडी घातलीस आणि म्हणालास, "झालं, आई." झालं नव्हतं. दुसरं पान तू वाचलंच नाहीस.

दुसऱ्या पानावर होतं, "आई, कुमार हात उचलतो. मी परत येऊ का? तू फक्त ये म्हण."

मला कसं माहीत? पत्र बुधवारी आलं होतं. मी ते बुधवारीच फोडलं. तिसरीपर्यंत शाळेत गेले होते मी, आणि पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर टिकवलं. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. तीन दिवस अक्षराला अक्षर लावत वाचलं. शनिवारी सकाळी पाकिटाला शितं लावून परत चिकटवलं आणि तुझ्यापुढे पदराला हात पुसत बसले, "वाच रे बाबा" म्हणून.

मला बघायचं होतं तू वाचतोस का. वाचलं असतंस तर मला ये म्हणावं लागलं असतं. तू वाचलं नाहीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहिलं बघ शेवटी. पुढच्या रविवारी रीमाच्या घरचे बोलणी करायला येणार होते. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात दिसली असती तर ते चहालाही थांबले नसते, असं तुला वाटलं, मलाही वाटलं. तू गप्प राहिलास, मी अडाणी राहिले. वाचता येत नाही म्हटलं की पाप वाचणाऱ्याचं. फार सोयीचं असतं ते. मग तू माझ्या नावाने उत्तर लिहिलंस, "संसार नेटाने कर." खाली सही माझी. तीही मी वाचून केली.

ती आणखी दोन वर्षं त्या घरात राहिली. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तू म्हणतोस ट्रकच्या आवाजाने. ट्रकच्या आवाजाने नाही. मग एक दिवस बॅग उचलून बाहेर पडली, एका म्हाताऱ्या पूलवाल्याच्या हाताखाली शिकली, आणि आज बेचाळीस पूल एकटी सांभाळते. आपल्या दोघांपैकी कोणी ये म्हटल्यावाचून.

रविवारी अंगणात नळकांडी धुताना मी तिला सगळं सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, काही कमी न करता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ एकाच निरीवर पाणी सोडत राहिली. मग म्हणाली, "तुला वाचता येतं हे दादाला माहीत आहे?"

"नाही."

"सांग त्याला."

आणि थोड्या वेळाने, "आई, नळी तिरकी धर. किती वेळा सांगू?"

मला वाटलं होतं घराबाहेर काढेल. काढलं असतं तर मी तोंड वर करून बोलले नसते. सोमवारी पहाटे बघते तर दाराशी माझी टोपी आणि पाण्याची बाटली काढून ठेवलेली. एरवी माझी मीच घेते.

पद्मिनीकडे गेलो. शुक्रवारपासून पंप बंद, पाणी हललेलं नाही. उरलेला सगळा गाळ तुरटीने तळाला बसवला होता. सुवर्णाने तो वेगळ्या पंपाने थेट बाहेर काढला, धुतलेला फिल्टर बसवला, काटा जागेवर आला. पद्मिनी म्हणाली, "काकू, तळाच्या फरशीची नक्षी दिसतेय!" मी म्हटलं, "दिसणारच. आता रीमाला हेही कळव."

तर ऐक. अठ्ठावीस तारखेचं माझं तिकीट तू काढलंयस, ते कॅन्सल कर. मी येणार नाही. तुला यायचं तर ये, पण या घरात कोणी हात बांधून उभं राहत नाही, पिंपाची हवा सोडायला शिकावं लागेल. आणि मंडळात कोणी विचारलं तर सांग, बहीण पूलचे फिल्टर दुरुस्त करते आणि आई ते धुते. जीभ झडणार नाही.

या पत्राचं उत्तर मला नको. फोन नको, टाइप केलेलं नको, रीमाने तुझ्या वतीने लिहिलेलं तर मुळीच नको. त्या पानाचं तू काय केलंस मी विचारत नाही. त्यावर काय होतं ते वर लिहिलंय. तिने आपल्याला विचारलं होतं, आणि आठ वर्षं झाली. माझं उत्तर मी तिला तोंडाने दिलं. आता तुझं राहिलं.

लिहितावाचता येणारी तुझी आई,
सुमित्रा

ता. क. उत्तर तूच लिहायचं, तुझ्या हाताने, तुझ्या नावाने, सुवर्णाला. आणि एकाच पानावर लिही.