डबीचं पासिंग

८ जाने. १९७८, रवि.
सुट्टी असून बाबांनी पहाटेच उठवलं. डबी, म्हणजे आमची टॅक्सी, धुवायची होती. गुरुवारी हिंगोलीला पासिंग. टॅक्सीला दरवर्षी इन्स्पेक्टरपुढं उभं राहावं लागतं, नाहीतर सवारी बसवता येत नाही. मी विहिरीवरून पाणी आणलं, बाबांनी चाकांतला चिखल खिळ्यानं कोरून काढला. आई दारातून म्हणाली, पोरगी दाखवायची असल्यावानी नटवून राहिले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
गाडी माझ्याहून वयानं मोठी. चार माणसांची. बाजारच्या दिवशी सात बसतात.
पाचवीच्या वह्या तपासायच्या राहिल्या.

१२ जाने., गुरु.
नापास.
रजा काढून सोबत गेले, कागद इंग्रजीत असतात म्हणून. डाक बंगल्यामागच्या मैदानात सगळे ट्रक आणि जीपा. त्यांच्यात आमची डबी लेकरावानी. इन्स्पेक्टर या वर्षी नवीन आहेत, तरुण. स्टेअरिंग इकडून तिकडं हलवलं तर पुढची चाकं जागची हलेनात. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. चढावर साहेब हँडब्रेक लावून उतरले, तर गाडी सावकाश मागं यायला लागली. मग मीच धावत जाऊन चाकामागं दगड लावला. हॉर्न चांगला वाजला.
साहेब ओरडले वगैरे नाहीत. काय काय करायचं ते लिहून दिलं. दुरुस्त करून पुढच्या महिन्यात आणा, तोवर सवारी बंद.
येताना बाबांना नरसी फाट्यावर चहाला थांबू का विचारलं, तर मानेनंच नाही म्हटलं.

१७ जाने.
डबी परत हिंगोलीला नेऊन रहीमभाईंकडे ठेवली. बाबांचे जुने मिस्त्री, निजामाच्या वेळेपासूनची दोस्ती. त्यांचं म्हणणं, पुढच्या चाकांच्या पिना झिजल्यात, आणि या गाडीचा माल आता बाजारात मिळत नाही. लेथवर घडवून घेऊ म्हणाले. ब्रेकचं लायनिंग नवीन टाकतील.
बाबा आता रोज सकाळच्या एस्टीनं त्यांच्याकडे जातात. काम काही नसतं. बाकावर बसून राहतात.

२९ जाने., रवि.
गाडी झाली. बाबांबरोबर आणायला गेले. रहीमभाईंनी आधी स्वतः चक्कर मारून दाखवली. स्टेअरिंग एकदम बराबर, ब्रेक जागच्या जागी. खूश होते.
सेनगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला कडब्याची बैलगाडी उभी होती. मला लांबूनच दिसत होती. बाबा वेग कमीच करेनात. मी ओरडले तेव्हा ब्रेक मारला. डावा मडगार्ड घासला, बैल बुजले, गाडीवान शिव्या देत राहिला. बाबा म्हणाले, स्टेअरिंगनं दगा दिला, रहीमनं काम नीट केलं न्हाई.
स्टेअरिंग मी तासाभरापूर्वी पाहिलं होतं.
आईला सांगितलं नाही. काय सांगणार?

९ फेब्रु., गुरु.
काय लिहावं कळत नाही. क्रमानं लिहिते.
साहेबांनी आज डबी स्वतः चालवली. स्टेअरिंग ठीक. ब्रेक मारले तर चारही चाकांच्या खुणा सरळ. हँडब्रेक धरला. दिवे, वायपर ठीक. सोबत आलेल्या रहीमभाईंनी माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले.
मग साहेब बाबांना म्हणाले, आता तुम्ही एक फेरी मारा. मी हात केला की थांबायचं. मैदानाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. खाकी कपडे, मागं वाळलेलं गवत. बाबा निघाले. साहेबांनी हात वर केला. गाडी तशीच येत राहिली. शेवटी साहेब बाजूला झाले, तेव्हा कुठं ब्रेक लागला.
जवळ येऊन त्यांनी समोरच्या ट्रकचा नंबर वाचायला सांगितला. बाबा म्हणाले, ऊन डोळ्यावर येऊन राहिलं साहेब. ऊन आमच्या पाठीमागं होतं.
साहेबांनी पासिंगच्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "काका, गाडी पास आहे. तुम्ही आधी डोळे दाखवून या. डॉक्टरचा कागद आणेपर्यंत चालवायची नाही."
बाबांनी किल्ली रहीमभाईंच्या हातात दिली. घरापर्यंत त्यांनी आणलं. बाबा मागच्या सीटवर. मी त्यांना मागं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.
रात्री जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "ती पास झाली. मी भंगारात."

१५ फेब्रु.
डॉक्टरला दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय, ऑपरेशन नांदेडला होईल. बाबांनी सरळ नाही म्हटलं. कुरुंद्याच्या त्यांच्या मावसभावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला, ते मनात धरून बसलेत.

२३ फेब्रु.
सवारी दारात येते आणि परत जाते. आईनं दुसरा ड्रायव्हर ठेवायचं काढलं, बाबा उठून बाहेर गेले. सकाळ-संध्याकाळ डबीत जाऊन बसतात. काच पुसतात. शाळेत जायच्या आधी मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकते.

२६ फेब्रु., रवि.
गोरेगावचं लग्न. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी मागायला आले होते. बाबांनी माझ्या नकळत हो म्हटलं होतं. कपडे घालून माझ्यापुढं उभे.
"चाबी दे."
"न्हाई देत, बाबा."
"काहून? पास झाली न गाडी?"
"त्या दिवशी साहेब तुमाला दिसले नव्हते."
"दिसले व्हते."
मी पर्स घट्ट धरून ठेवली. आई चुलीपाशी थांबली. बाबा पायरीवर बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले,
"गवत दिसलं. माणूस न्हाई दिसला."
लग्नाची माणसं जीपनं गेली. दुपारी बाबांनी आपणहून विचारलं, नांदेडला किती दिवस राहावं लागतं.

७ मार्च, नांदेड
रजा मंजूर झाली, हेडबाईंनी कुरकुर केली. एस्टीनं आलो. बाबा खिडकीशी बसले होते, पुढचा ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते कान देऊन ऐकत होते. एकदा म्हणाले, क्लच दाबून धरतो, शिकवलं न्हाई कुणी याला.

१० मार्च
काल उजव्या डोळ्याचं झालं. डॉक्टर नीट झालं म्हणतात, पण दिसेल किती ते आत्ताच सांगत नाहीत. जाड चष्मा लागेल. सवारी गाडी चालवता येईल का विचारलं, तर म्हणाले, आधी पट्टी तर सुटू द्या.
डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. मी चमच्यानं पेज भरवली. रहीमभाईंचा निरोप आलाय, आईकडून किल्ली घेऊन डबी आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवतो म्हणून.
बाबांना झोप लागली असं वाटलं होतं. तर विचारलं, "पासिंग कुठवर हाय?"
"पुढच्या फेब्रुवारीपर्यंत."
"मंग हाय वेळ."
पट्टी परवा सोडणार.