गोंगाट म्हणून खोडलेल्या पाण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
भूजल शोध कार्यालय, सान रोके.

विषय : विला हाविरा गावच्या मोजणीतील खोडलेल्या साठ नोंदी पूर्ववत करून विहिरीची नोंदणी करण्याबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. २ ऑगस्ट.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयाची मोजणीदार असून मे महिन्यात वरील गावी विजेच्या साहाय्याने भूजलाची मोजणी केली. जमिनीत खुंट्या रोवून वीज सोडायची. ओल्या थरातून ती सहज वाहते व अडथळ्याचा आकडा कमी येतो, कोरड्या खडकात ती अडते व आकडा वाढतो. आपल्या कार्यालयात हे सर्वांना ठाऊक असावे, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी किनवा हे धान्य साफ करण्याच्या गिरणीची वीज जमिनीत झिरपून आकडे बिघडले. गिरणीच्या मालकीण दोन्या एउसेबिया यांनी तीन दिवस सकाळी गिरणी बंद ठेवली. मी सर्व मोजणी पुन्हा केली. सतराव्या खुंटीखाली ओल स्पष्ट दिसली.

अभियंता आर्सेनियो वाका यांनी गावात पाऊल न टाकता कमी आकड्यांच्या साठही नोंदी सरसकट गोंगाट, म्हणजे गिरणीच्या विजेने बिघडलेल्या, ठरवून खोडल्या. गिरणी बंद असल्याच्या वेळा मी वहीत दाखवल्या. त्यावर "बाई, नकाशा कसा स्वच्छ दिसतोय बघा," असे उत्तर मिळाले. त्या स्वच्छ नकाशावरून त्यांनी ऐंशी मीटर भोक पाडले. त्यातून धूळ निघाली. तिचा अहवाल मात्र सुबक आहे.

मग गावकऱ्यांनी सतराव्या खुंटीपाशी स्वतः खणले. तेविसाव्या मीटरला पाणी लागले. आता नकाशात तेथे कोरडा खडक असल्याने विहिरीची नोंदणी होत नाही, नोंदणीअभावी पंपाला वीज मिळत नाही आणि पाण्याची सोय नाही म्हणून गावची शाळा सान रोकेला हलवण्याचे आदेश निघाले आहेत. सहा वर्षांची मुले रोज अकरा किलोमीटर चालणार आहेत. दोन्या एउसेबिया मला म्हणाल्या, "यंत्राला ऐकू यावं म्हणून गिरणी थांबवली. तुझ्या साहेबांना ऐकू यायला काय थांबवू, सांग."



माझ्या तक्रारीनंतर श्री. वाका स्वतः पाहणीस आले. विहिरीचे दोन पेले पाणी प्याले, गोड आहे म्हणाले, उरलेल्या पाण्याने बूट धुतले आणि अहवालात "पाणी आढळले नाही" असे लिहून सही केली.

तरी शाळा हलण्यापूर्वी त्या नोंदी पूर्ववत करून विहीर नोंदवावी. ते आपल्या कार्यालयास झेपत नसल्यास त्या नकाशाखाली मोजणीदार म्हणून छापलेले माझे नाव तरी काढावे. खोडण्याचे काम येथे तत्परतेने होते, असा अनुभव आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,
सेनोबिया कोंदोरी
मोजणीदार
विला हाविरा, दि. १४ ऑगस्ट

सोबत : मोजणीची मूळ वही, गिरणी बंद ठेवल्याचे दोन्या एउसेबिया यांचे निवेदन, शाळेतील एकोणतीस मुलांची नावे, वयांसह.